पहिल्या स्तराच्या पुस्तकात रफार कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास वर्ग निम्मे रिकामे होतात. आईबाप कोयत्यावर, लेकरे त्यांच्या मागे. त्यामुळे पाचवीतल्या मुलाला वाचता आले नाही, की आम्ही शिक्षक ‘ऊसतोडीचं लेकरू हाय, व्हायचंच’ म्हणून मोकळे होतो. मीही एका मुलाबद्दल दोन वर्षे हेच म्हणत होते. तो कधी तोडीला गेलाच नव्हता! आजीजवळ राहायचा, शाळा सहसा चुकवायचा नाही. तोंडी हिशेबात वर्गाच्या पुढे. फळ्यावरचे ‘घर’ मात्र तो ‘धर’ वाचायचा, ‘कमळ’चे ‘मकळ’ करायचा आणि काल वाचलेला शब्द आज त्याला अनोळखी असायचा.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाणे, हाही एक आहे. पण तिचे प्रमाणपत्र मिळवणे म्हणजे आजीने मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालणे. शिवाय २०१८ च्या केंद्राच्या सूचनांत आठ वर्षांखालच्या मुलांना प्रमाणपत्राची सोयच नव्हती. परीक्षेतल्या सवलतीसाठी कागद हवाच. सोपे पुस्तक हातात द्यायला कशाला हवा?

आता पुस्तकांविषयी. स्तरनिहाय, म्हणजे सोप्याकडून अवघडाकडे क्रम लावलेली पुस्तके शाळांत येऊ लागली, याचा आनंदच आहे. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, त्यांचेही चार स्तर आहेत. पण पुस्तकांचे स्तर ठरवताना शब्दसंख्येवर फार भिस्त असते, आणि मराठीचे अवघडपण शब्द मोजून कळत नाही. ‘काकडी’ तीन अक्षरांची, सरळ वाचता येते. ‘वर्ष’ दोनच अक्षरांचा, पण रफार बसतो ‘ष’च्या डोक्यावर आणि उच्चारायचा ‘ष’च्या आधी. पहिल्या वेलांटीचे उलटे : ती लिहायची अक्षराच्या आधी, बोलायची नंतर. बाकीची मुले सवयीने हे खड्डे ओलांडतात, माझा विद्यार्थी प्रत्येक खड्ड्यात पडायचा. आमच्या कपाटातल्या पहिल्या स्तराच्या एका पुस्तकात पहिल्याच पानावर ‘सूर्य’, ‘पक्षी’ आणि ‘झाडांच्या’ हे तिन्ही शब्द आहेत. चित्र मात्र फार गोड आहे.

दुसरी अडचण वयाची. खरोखर सोपे पुस्तक दिले तेव्हा त्याने ते उलटे ठेवले. ‘बाई, हे तर पहिलीच्या पोरायचं हाय.’ दहा-अकरा वर्षांच्या मुलाला बाहुलीच्या लग्नात काय रस असणार? मग त्यालाच गोष्ट सांगायला लावली आणि त्याच्याच बोलीत मी ती मोठ्या अक्षरात, ओळींत मोकळी जागा सोडून, एकही जोडाक्षर न घेता लिहून काढली. ‘मोटार चालू झाली. पाणी आलं. बाबा हसले.’ बारा पाने झाली. लाइट रात्री येते म्हणून बाप बॅटरी घेऊन शेतात जातो, एवढीच गोष्ट. हे पुस्तक त्याने इतक्या वेळा वाचले, की सुतळीने शिवलेली पाने सुटली. नंतर ‘रात्र’ हा शब्द घातला तेव्हा अडखळला, पण पळाला नाही.

यातून त्याची अक्षमता गेली, असा माझा दावा नाही. अक्षरओळखीचा वेगळा सराव रोज लागतोच, आणि तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले, दिव्यांग मुलांसाठीचे विशेष शिक्षक एका शाळेला किती वेळ देऊ शकतात हे सगळ्यांना माहीत आहे. आणखी एक. पुस्तकाचा स्तर पुस्तकावरच राहावा. ‘हा पहिल्या स्तराचा’ असे मुलाला वर्गात हाक मारून सांगणारे सहकारी मी पाहिले आहेत.

पुढची खरेदी होईल तेव्हा निवडीला पहिली-दुसरी शिकवणारी एखादी बाई आणि एक विशेष शिक्षक बसवावा. त्यांना शब्द नव्हे, जोडाक्षरे मोजू द्यावीत. तोवर निदान आहेत त्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली वर्गात असावी. आमची मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असते.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, बीड जिल्हा