कड्याच्या धारेवरची बिऱ्हाडे

ईस्टबोर्न, इंग्लंड

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी इथून जवळच असलेल्या बर्लिंग गॅपला गेलो होतो. तिथे कड्याच्या टोकाशी तटरक्षकांच्या जुन्या घरांची एक ओळ आहे. तिच्यासमोर तासभर उभा होतो आणि सारखी तुझी आठवण येत होती. तुझे वडील कस्टम्समध्ये होते. हर्णैला तुम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होता, आणि बंदरावरच्या बायका तुझ्या आईशी गोड बोलत, पण मोजून-मापून बोलत, असे तूच मला सांगितले होतेस. म्हणून या घरांची हकीकत तुलाच लिहावी असे वाटले.

ससेक्सचा हा किनारा म्हणजे खडूच्या दगडाची पांढरी भिंत आहे. पूर्वेला बीची हेडचा कडा 162 मीटर उंच आहे, पश्चिमेला ‘सेव्हन सिस्टर्स’ नावाचे कडे एकामागून एक उठत गेले आहेत, आणि या दोहोंच्या मध्ये जमीन खाली वाकून समुद्राच्या जवळ येते. एवढ्या लांबीच्या किनाऱ्यावर माणसाला पाण्यापर्यंत उतरता येईल अशा जागा थोड्याच, त्यामुळे रात्री होडी लावून माल वर चढवणाऱ्यांनाही त्या पाठ होत्या. अठराव्या शतकात ब्रँडी, जिन, तंबाखू, लेस आणि मुख्य म्हणजे चहा या वाटांनी येत असे. चहावरचा कर त्या काळी 119 टक्क्यांपर्यंत चढला होता, तो 1784 मध्ये साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा कुठे चहाची चोरटी आयात परवडेनाशी झाली. दारू आणि तंबाखू मात्र येतच राहिले. या धंद्यात गावेच्या गावे गुंतलेली असत. पिंपे वाहायला शेतमजूर, लपवायला शेतकरी, आणि विकत घ्यायला चांगली प्रतिष्ठित मंडळी.

ही चोरटी आयात रोखण्यासाठी सरकारची पथके वेगवेगळी काम करत होती. त्यांतली बहुतेक एकत्र करून 1822 मध्ये कोस्टगार्ड हे दल उभे राहिले. त्याचा एक नियम मला फार बोलका वाटतो. कोणाही शिपायाची नेमणूक त्याच्या स्वतःच्या मुलखात करायची नाही, कारण मेव्हण्याची होडी पकडायला कोणाचा हात उठणार? परका माणूस आणून बसवायचा आणि त्याची ओळखपाळख वाढू लागली की त्याची बदली करायची. अशा माणसाला गावात कोण खोली भाड्याने देणार, आणि दिली तरी त्याने तिथे राहावे कसे? म्हणून सरकारनेच किनाऱ्यावर जागोजागी भिंतीला भिंत लावून घरे बांधली. शिपायांची घरे एकसारखी, अधिकाऱ्याचे थोडे मोठे, आणि जवळच होडीची शेड व टेहळणीची खोली. त्या बायकामुलांची सोबत म्हणजे शेजारच्या भिंतीपलीकडचे, त्यांच्यासारखेच दुसरीकडून आलेले कुटुंब. तुझ्या आईला हे समजावून सांगावे लागणार नाही.

बर्लिंग गॅपची ओळ 1878 मधली आहे. तोपर्यंत चोरटी आयात बरीच आटली होती आणि 1856 पासून कोस्टगार्ड नौदलाच्या हाताखाली गेले होते. युद्ध झाले तर हे लोक नौदलाचे राखीव खलाशी, आणि एरवी त्यांचे काम म्हणजे कड्यावरून रात्रभर गस्त घालणे आणि फुटलेल्या जहाजांवरची माणसे वाचवणे. कड्यावरून अग्निबाण सोडून जहाजापर्यंत दोर पोचवायचा, त्यावरून जाड दोर ओढून बांधायचा, आणि तरंगत्या गोल चक्राला जाड कापडाची चड्डी शिवलेली असे, तिच्यात पाय घालून एकेका खलाशाला लाटांवरून ओढून आणायचे. वादळी रात्री याच दारांमधून माणसे कंदील घेऊन धावली असतील, हे त्या उंबरठ्यांकडे पाहताना मनातून जाईना. पुढे 1920 च्या दशकात दलाची फेररचना झाली, माणसे कमी झाली, आणि देशभरातल्या अशा कितीतरी ओळी खासगी मालकांच्या हाती गेल्या.

आता या ओळीला समुद्र खातो आहे. लाटा कड्याचा पाया पोखरतात, वरचा भाग अधांतरी राहतो आणि एके दिवशी धाडकन खाली येतो. एरवी वर्षाला सरासरी अर्धा-पाऊण मीटर जमीन जाते. 2013-14 च्या हिवाळ्यातल्या वादळांत मात्र सुमारे सात वर्षांची झीज दोन महिन्यांत झाली, आणि 2014 मध्ये कडेचे एक घर पाडावे लागले. त्याआधीही काही घरे अशीच गेली. घर समुद्रात कोसळू देत नाहीत, धोका जवळ आला की स्वतःच उतरवून घेतात. आज समुद्राकडे तोंड करून उभी असलेली भिंत बांधली तेव्हा बाहेरची नव्हतीच, ती दोन बिऱ्हाडांमधली भिंत होती. मी तिच्या खाली उभा राहून वर पाहिले. जिच्या दोन्ही अंगांना कधी चुली पेटल्या असतील, तिच्या एका अंगाला आता नुसता खारा वारा होता.

दगडांचा बांध घालून घरे वाचवावीत अशी रहिवाशांची मागणी होती. ती मान्य झाली नाही, कारण हे कडे नैसर्गिक अवस्थेत राखायचे असे धोरण आहे. कडा ढासळतो म्हणूनच तो पांढरा राहतो, ढासळणे थांबले तर त्यावर गवत चढेल. हा निर्णय मला पटतो, पण त्या घरात राहणाऱ्याला तो पटावा असे मी म्हणू शकत नाही. जवळच बेल टूट नावाचा 1834 मध्ये उजळलेला दीपस्तंभ आहे. तो 1999 मध्ये अखंड उचलून 17 मीटर मागे सरकवला. एकट्या इमारतीला ते जमते, पण एकमेकींच्या भिंतींवर उभ्या असलेल्या घरांना कसे जमावे!

निघताना संध्याकाळ झाली होती. उरलेल्या घरांपैकी एका खिडकीत दिवा लागला आणि कोणीतरी आतून पडदा ओढून घेतला.

हर्णैची तुमची ती क्वार्टर अजून उभी आहे का? पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा पाहून ये आणि मला लिही. मागच्या बाजूला, विहिरीकडे उघडणारे जे दार होते, त्याचा फोटोही पाठव. आईंना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र