अॅप सगळं ठरवतं, मग मुलं काय शिकणार?

मा. संपादक,

अभ्यासाच्या अॅपवरून वाद होतो तो कायम स्क्रीन टाइमचाच, पण ते अॅप वापरताना मूल स्वतःच्या अभ्यासाचा विचार करतंय का, हे कुणीच विचारत नाही म्हणून लिहितेय.

माझी मुलगी नववीत आहे. धडा तीनतीनदा वाचायची, पानं हायलायटरने पिवळी करायची, "झालं माझं" म्हणायची आणि पेपरात काहीच आठवायचं नाही. आळशी नव्हती हो ती, आपल्याला काय येत नाहीये हेच तिला कळत नव्हतं. वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि आपण समजतो की आलं! रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे प्रयोगात दाखवलंय, पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने त्यांना 42 टक्केच आठवलं आणि न बघता आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के.

मग आम्ही फ्लॅशकार्डचं अॅप घेतलं, म्हणजे कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. लाइटनर या लेखकाची 1972 ची, कार्डं वेगवेगळ्या डब्यांत ठेवायची पद्धतच आहे ती, चुकलेलं कार्ड लवकर परत येतं, आलेलं उशिरा. पण खरा फरक पडला तो एका साध्या वहीने. उत्तर बघायच्या आधी तिने लिहायचं, 'नक्की', 'बहुतेक' की 'अंदाज'. 'नक्की' लिहून चुकलेली उत्तरं पहिल्याच आठवड्यात इतकी निघाली की ती गप्पच बसली, आणि दुसऱ्या दिवशी मी न सांगता तेवढीच घेऊन बसली.

शिक्षण-मानसशास्त्रज्ञ झिमरमन यांनी स्व-नियंत्रित अभ्यासाचे तीन टप्पे सांगितलेत, आधी ठरवणं, करताना लक्ष ठेवणं, नंतर तपासणं. आता बरीचशी अॅप्स हे तिन्ही स्वतःच करतात, आज कुठला धडा, रिव्हिजन कधी, किती मार्क, वर स्ट्रीक (सलग दिवसांची साखळी) तुटू नये म्हणून नोटिफिकेशन. मुलाने फक्त बटण दाबायचं. सुरुवातीला असा आधार लागतो हे मान्य, पण तो हळूहळू काढून घ्यायला नको का?

एआय चॅटबॉटचंही तेच, उत्तर मागितलं की उत्तर मिळतं, पण "मला प्रश्न विचार, उत्तर सांगू नको" असं म्हटलं तर तोच चांगली उजळणी घेतो, हे मुलांना शिकवावं लागतं.

अॅप बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे, रोज सुरुवातीला मुलाला एवढं तरी विचारा की आज काय करणार आणि किती जमेल असं वाटतं, आणि शेवटी तो अंदाज आणि खरा निकाल शेजारी शेजारी दाखवा.

— एक पालक