अनुसूचीतली यादी बदला : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाहून लिहितोय, रत्नागिरी-सिंधुदुर्गाला स्वतंत्र विद्यापीठ हवं म्हणून. इथून गोव्याची हद्द चालत गाठता येते. दुखणं वाढलं की आम्ही गोव्यातलं बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठतो. पण इथल्या पोराने बी.ए. केलं, तर त्याचं विद्यापीठ पाचशे किलोमीटरवर, मुंबईला. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या अनुसूचीत मुंबई विद्यापीठापुढे जी जिल्ह्यांची यादी आहे, तिच्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही आहेत.

एके काळी गोव्यातली महाविद्यालयंही मुंबईलाच जोडलेली होती. 1984 साली गोवा विद्यापीठाचा कायदा झाला, 1985 पासून काम सुरू झालं. पलीकडच्या डिचोलीतल्या मुलाला विद्यापीठ तासाभरावर आलं. अलीकडचा मुलगा होता तिथेच राहिला.

आता सगळं ऑनलाइन आहे, मग अंतराचं काय, असं आपले अधिकारी म्हणतील. अर्ज ऑनलाइन जातो, हे खरं. पण अधिसभेत, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटमध्ये, पदवीधरांच्या 10 जागा आहेत आणि त्या सगळ्या कार्यक्षेत्रातून मिळून निवडल्या जातात. 2011 च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाख होती, मुंबईच्या दोन जिल्ह्यांची मिळून सव्वा कोटीच्या घरात. त्यात ठाणं धरा. या गणितात आमचा माणूस निवडून यायचा कसा? माणूसच नाही, तर काजू-आंब्यावरची प्रक्रिया, किनाऱ्यावरचं पर्यटन किंवा पिंगुळीची चित्रकथी ही लोककला अभ्यासक्रमात यावी, असा आग्रह धरणार कोण? रत्नागिरीला उपकेंद्र आहे, नाही असं नाही. पण उपकेंद्राला स्वतःची अधिसभा नसते.

कार्यक्षेत्राची रेघ पुसता येते, हे शासनानेच दाखवलंय. 2004 मध्ये एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी विद्यापीठ झालं. 2011 मध्ये चंद्रपूर-गडचिरोली नागपुरापासून वेगळे काढून गोंडवाना विद्यापीठ झालं. कोकणाला कृषी विद्यापीठ तर 1972 पासून दापोलीत आहे. म्हणजे शेती शिकायची तर कोकण वेगळं आणि इतिहास शिकायचा तर मुंबईचं शेपूट! ऑगस्ट 2025 पासून आमचे उच्च न्यायालयातले दावेही कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे (फिरत्या खंडपीठापुढे) चालतात. न्यायाला अंतर कळलं.

विरोध मात्र आमच्याच घरातून होईल, हे आधीच सांगून ठेवतो. ‘मुंबयचो शिक्को गेलो तर पोरांका नोकरी कोण देतलो?’ हा प्रश्न मी वर्गाबाहेर पालकांकडून कितीदा ऐकलाय. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इथली निम्मी घरं मुंबईच्या मनिऑर्डरीवर उभी राहिली. नव्या विद्यापीठाची पदवी मुलाखतीत कुणी ओळखणार नाही, ही भीती खरी आहे आणि नुसती पाटी लावून ती जाणार नाही. कायम प्राध्यापक, ग्रंथालय आणि पैसा पहिल्या दिवसापासून नसेल, तर विद्यापीठ देऊच नका. आम्ही मुंबईत बरे.

मागणी एवढीच, की रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी स्वतंत्र विद्यापीठाचा मसुदा आणा. रायगडला त्यात ओढू नका. पनवेल-उरण मुंबईच्या अंगणातच आहेत. प्रवेश घेतलेल्यांना मुंबईचीच पदवी मिळेल, हे त्यात स्पष्ट लिहा. आणि हे व्हायला वर्षं लागणार असतील, तर तोवर कायद्यात दुरुस्ती करून पदवीधरांच्या जागांपैकी एकेक जागा या दोन जिल्ह्यांसाठी राखून ठेवा.

मुख्यालय रत्नागिरीला की सिंधुदुर्गाचं जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या ओरोसला, यावर आम्ही आपापसांत भांडणार, त्याचीही तयारी ठेवा. मसुद्यावरची सुनावणी मात्र मंत्रालयात लावू नका. ओरोसला या. एकदा तुम्ही रात्रीच्या गाडीने या.

आपला,
दोडामार्ग तालुक्यातला एक निवृत्त प्राध्यापक