मैलापाण्यातली उष्णता वाया का घालवायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊर्जेची आपली चर्चा विजेपाशी सुरू होते आणि विजेपाशीच थांबते. आंघोळीला, धुण्याला, भांड्यांना तापवलेले पाणी मोरीतून वाहून जाते, त्याबरोबर किती उष्णता गेली याचा हिशेब कोणी मांडत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने तो मांडला, म्हणून हे पत्र.

२०१०च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी तिथे फॉल्स क्रीक खाडीकाठी खेळाडूंची वसाहत बांधली गेली. त्याच भागात मैलापाण्याचे नवे पंपिंग स्टेशन उभारायचे होते. महापालिकेने त्याला जोडूनच उष्णता काढून घेणारे केंद्र उभारले. पाण्यातला गाळ आधी वेगळा करतात, मग हीट पंप उरलेल्या कोमट पाण्यातली उष्णता खेचून घेतो. घरातला फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तेच हे तत्त्व. एक युनिट वीज खर्चून तीनहून अधिक युनिट उष्णता हाती येते आणि जमिनीखालच्या नळांतून गरम पाण्याच्या रूपाने इमारतींना पोचते. कडाक्याच्या थंडीत जोडीला गॅसचे बॉयलर लावावे लागतात, हेही सांगायला हवे. तरीही उष्णतेचा मोठा वाटा मैलापाण्यातूनच येतो.

उष्णता कुठून घ्यायची, हा प्रश्न मात्र नाजूक आहे. मैलापाणी शुद्ध करताना त्यातल्या अमोनियाचे नायट्रेट करण्याचे काम जिवाणू करतात, आणि ते थंडीत मंदावतात. शुद्धीकरण केंद्रात पोचण्याआधीच पाणी फार गार केले, तर थंड प्रदेशात शुद्धीकरणच बिघडू शकते. व्हिएन्नाने २०२३च्या डिसेंबरात ५५ मेगावॉटचे हीट पंप सुरू केले, ते शुद्ध होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यावर. तिथे जिवाणूंना धक्का नाही, आणि चरबी-गाळ साचून यंत्रे तुंबण्याचा त्रासही कमी.

पुण्यात घरे तापवायची नसतात, हे मान्य. पण रुग्णालये, वसतिगृहे, हॉटेले यांना बारमाही गरम पाणी लागते आणि त्यासाठी वीज किंवा इंधन जळतेच. शिवाय आपले मैलापाणी मुळातच तिथल्यापेक्षा कोमट, म्हणजे पंपाचे काम हलके. मुळा-मुठेसाठी ‘जायका’ या जपानी सरकारी मदतसंस्थेच्या कर्जातून शहरात ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचा प्रकल्प हाती घेतला आहे. एकदा नळ गाडले, काँक्रीट पडले, की अशी जोडणी करणे फार महागात पडते. म्हणून महापालिकेने प्रत्येक केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान वर्षभर मोजून जाहीर करावे, आसपास गरम पाण्याचे मोठे गिऱ्हाईक कोण आहे याची पाहणी करावी, आणि जिथे मेळ बसतो तिथे पाणी बाहेर पडण्याच्या ठिकाणी हीट पंपासाठी जागा आत्ताच राखून ठेवावी.

आपला,
एक वाचक, पुणे