अडखळणाऱ्या वाक्यासाठी थांबायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

माझा मुलगा यंदा चौथी उत्तीर्ण होऊन तुमच्या शाळेतून बाहेर पडला. जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतील तेव्हा तो नव्या वर्गात बसेल. त्याआधी तुमचे आभार मानायचे आहेत, आणि ते चारचौघांसमोर मानायचे आहेत, कारण तुम्ही वर्गात जे केले ते इतर शिक्षकांना आणि पालकांनाही कळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तो बोलताना अडखळतो. तुमच्या वर्गात येईपर्यंत भेटलेल्या जवळजवळ प्रत्येकाने त्यालाच दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला. कोणी ‘सावकाश बोल’ म्हणे, कोणी ‘आधी श्वास घे’ म्हणे. आधीच्या शाळेत तर वेळ वाचावा म्हणून प्रकट वाचनात त्याची पाळीच गाळली जाई. स्पीच थेरपी चालू होती आणि तिचा उपयोगही होत होता. पण ज्या वर्गासमोर तो अडखळत होता त्या वर्गाचेही काही शिकायचे राहून गेले आहे, हे ओळखणाऱ्या पहिल्या शिक्षिका तुम्हीच.

तुम्ही मुलांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने फळ्यावरच्या तीन ओळी उतरवायला सांगितल्या होत्या, आणि शेजारच्याने ‘लवकर, लवकर’ म्हणत राहायचे असे ठरवून दिले होते. मग वह्या मिटायला लावून एवढेच विचारलेत, की लिहिताना अंगात कुठे काय झाले. कोणाचे कान गरम झाले होते, कोणाची बोटे पेन्सिलीवर आवळली गेली होती, एका मुलीला शेजारणीची वहीच फाडावीशी वाटली होती. माझ्या मुलाचे नाव तुम्ही तेव्हाही घेतले नाही आणि नंतरही नाही. त्याला वर्गासमोर उभे करून ‘याच्याशी नीट वागा रे’ असे सांगितले असते, तर तो सगळ्यांच्या लेखी कायमचा बिचारा झाला असता. त्याऐवजी तुम्ही सर्वांसाठी एकच नियम केलात: वाक्य ज्याने सुरू केले त्यानेच ते संपवायचे, आणि तोवर बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहत थांबायचे. शब्द पुरवू नका, घाई करू नका, नजर वळवू नका, असे स्पीच थेरपिस्ट आम्हा पालकांना सांगतात. तेच तुम्ही अख्ख्या वर्गाच्या अंगवळणी पाडलेत. हा नियम तुम्हालाही लागू होता. एकदा घाईत तुम्ही कोणाचे तरी वाक्य मध्येच तोडलेत तेव्हा मुलांनी तुम्हाला हटकले आणि तुम्ही लगेच थांबलात, हे त्याने घरी येऊन मोठ्या अभिमानाने सांगितले होते.

दुसरी गोष्ट मारबतीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते आणि ‘इडा, पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी महाल-इतवारीत दुमदुमते, ती इथल्या मुलांना कोणी वेगळी शिकवावी लागत नाही. सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा तुम्ही प्रत्येकाला चिठ्ठी देऊन विचारलेत, की तुझ्या मनातले काय मारबतीने घेऊन जावे. काहींनी वर्गातल्या मुलांचीच नावे लिहिली. त्यांना न रागावता तुम्ही एकेकाला ‘तो समोर आला की तुला काय होतं?’ असे विचारलेत, आणि नावे खोडून तिथे ‘भीती’, ‘हेवा’, ‘मला खेळात घेत नाहीत’ असे लिहिले गेले. ज्यांना वाचून दाखवायच्या होत्या त्यांनी वाचल्या; बाकीच्या चिठ्ठ्या तुमच्याजवळच राहिल्या आणि त्यांतले अक्षरही बाहेर आले नाही. समानुभूती, म्हणजे दुसऱ्याला काय वाटते ते त्याच्या जागी राहून जाणणे, शिकवणाऱ्या शिक्षकाने आधी असा विश्वास कमवावा लागतो, असे मला वाटते. माझ्या मुलाने स्वतःची चिठ्ठी मला आपणहून सांगितली: ‘नंबर यायच्या आधीची भीती.’ अडखळण्यापेक्षा पाळीची वाट पाहणेच त्याला जास्त छळते, हे आम्हाला घरी तोवर कळलेले नव्हते.

पालकसभेत एका पालकांनी विचारले होते, की यात अभ्यासक्रम मागे पडत नाही का. शंका रास्त आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहिते. सॅलोव्हे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली ती क्षमता म्हणून: स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतला फरक जाणणे, आणि त्या जाणिवेचा विचार करताना व वागताना उपयोग करणे. जोसेफ ड्युर्लाक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा क्षमता शिकवणाऱ्या २१३ शालेय कार्यक्रमांचा, म्हणजे सुमारे २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांचा, एकत्रित आढावा घेतला, तेव्हा त्यांत सहभागी मुलांची अभ्यासातली कामगिरी इतरांपेक्षा ११ पर्सेंटाइलने, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत सुमारे अकरा जागांनी, सरस आढळली. दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ मध्ये यासाठी रोजचा तास सुरू झाला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही समानुभूतीचा उल्लेख आहे. तुम्ही मात्र वेगळा तास मागितला नाही. प्रकट वाचनात आणि एका सणाच्या निमित्तात ते बसवलेत. माझ्या मते हीच पद्धत आपल्या शाळांना अधिक पेलणारी आहे.

तो आजही अडखळतो. परवा सक्करदऱ्यात बर्फगोळ्याच्या गाडीवर त्याला ‘काला खट्टा’ म्हणायला वेळ लागला, आणि गोळेवाला पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला, तेव्हा त्याचा वर्गमित्र म्हणाला, ‘काका, थांबा ना जी, तो सांगून राहिला न!’ काका थांबले. तिथे तुम्ही नव्हता, शाळा नव्हती, नियमाची आठवण करून देणारे कोणी नव्हते. यासाठी मी तुमची आणि त्या सगळ्या मुलांची ऋणी आहे.

एक विनंती आहे. आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत हे उपक्रम तुम्ही स्वतः मांडावेत; पालकाची बाजू सांगायला कोणी हवे असेल तर मी अवश्य येईन.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपली कृतज्ञ,
एक पालक, नागपूर