पौलाचं पत्र हरवलं

मिरज
रविवार, रात्री उशिरा

प्रिय एस्तेर,

सप्रेम सलाम.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. ईस्टरपासून मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही लिहिली नाहीस, तेव्हा फिट्टंफाट. माझी शुगर आहे तिथेच आहे. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. संपली तब्येत.

आता खरं कारण. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस.

शब्बाथशाळेचा लहान वर्ग माझ्या गळ्यात पडलाय हे तुला ठाऊक आहे. माझ्याकडे आला तेव्हा तिथं आपल्या बाईंचंच राज्य चालू होतं. फळ्यावर बायबलमधलं वचन, सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, पुढच्या रविवारी हात मागे बांधून एकेकानं उभं राहायचं, बरोबर आलं तर वहीत चांदणी. मी चांदणी वाटायला बसले तर पोरं एकामागून एक उठतात आणि म्हणतात, ‘येशू रडला, योहान अकरा पस्तीस.’ पुढचा, ‘येशू रडला.’ त्याच्या पुढची, ‘येशू रडला.’ तुझीच औलाद सगळी. शेवटी नियम काढला की हे वचन प्रत्येकाला वर्षातून एकदाच. तर एक टिल्ली विचारते, ‘पण तो रडला कशाला?’ मग काय, लाजराची गोष्ट सांगण्यात तास संपला. ते वचन मात्र त्या दिवशी सगळ्यांचं पक्कं झालं, आणि चांदण्या मी बंद केल्या.

मग सुरू झाले आमचे खेळ. ‘मामाचं पत्र हरवलं’ आठवतंय ना? आम्ही म्हणतो, ‘पौलाचं पत्र हरवलं, ते मला सापडलं.’ गोल बसायचं, राज्य असलेल्यानं कुणाच्या तरी पाठीमागे चिठ्ठी टाकायची, चिठ्ठीत अर्धं वचन. उरलेलं अर्धं म्हणत म्हणत त्याला पकडायचं. धावताना, पौलानं ज्यांना पत्रं लिहिली त्या फिलिप्पैकर आणि करिंथकर यांची मोडतोड होते, पण पत्ता कुणी विसरत नाही.

लगोरीत आत्म्याचं फळ. गलतीकरांस पाच बावीस-तेवीस. लगोरीच्या ठिकऱ्या 7 आणि फळं 9, म्हणून फरशीचे दोन तुकडे जास्तीचे घातले. खाली प्रीती, त्यावर आनंद, मग शांती, असं क्रमानंच रचायचं. इंद्रियदमन सगळ्यात वर. ते ठेवायला गेलं की नेमका चेंडू पाठीत बसतो, त्यामुळे आमच्या वर्गात इंद्रियदमन कधी पुरं होत नाही. वडीलमंडळीत तरी कुठं होतंय!

जुनी वचनं विसरू नयेत म्हणून आईचा मसाल्याचा डबा घेतलाय, तो सात वाट्यांचा. नवं वचन पहिल्या वाटीत. आलं की चिठ्ठी पुढच्या वाटीत, आणि पुढच्या वाटीचा नंबर आणखी उशिरा येतो. चुकलं की परत पहिल्या वाटीत. सगळ्या चिठ्ठ्या हळदीनं पिवळ्या झाल्यात. सतारमेकर गल्लीतून एक तडा गेलेला भोपळा मागून आणलाय. त्यावर केरव्याचा ठेका धरला की अख्खं स्तोत्र चालीत बसतं.

यावर चर्चच्या वडीलमंडळीतले आपले ते वडील, हो, तेच, अजून पेटीच्या शेजारीच बसतात, मला म्हणाले, ‘वचनाचा पोरखेळ मांडलायस.’ मी त्यांच्यापुढे स्तोत्र 119 उघडून ठेवलं. 176 वचनं, 8-8 वचनांची 22 कडवी, इब्री वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमानं. एका कडव्यातलं प्रत्येक वचन त्याच एका अक्षरानं सुरू होतं. म्हटलं, ज्यानं हे रचलं त्याला ते कुणाच्या तरी ओठांवर राहावं असं वाटत असणारच की. मग फादर स्टीफन्सना काढलं. 1616 मध्ये छापलेलं ख्रिस्तपुराण, हजारो ओव्या, लोकांनी गाऊन म्हणाव्यात अशा. तर म्हणतात, ‘ते रोमन कॅथलिक होते.’ घे! मी म्हटलं, मग रेव्हरंड टिळकांची भजनं टाळांशिवाय म्हणून दाखवा. तेव्हा गप्प बसले.

हे सगळं तुला करमणूक म्हणून. आता मुद्द्याचं.

वर्गात एक पोरगा आहे, नऊ वर्षांचा. नाव लिहीत नाही, नाहीतर तू त्याच्या आजीला फोन करशील. अडखळतो. ‘प’वर तर दारच बंद होतं त्याचं. डोळे मिटतो, मान झटकतो, आणि बाकीची पोरं त्याच्या आधीच वाक्य पुरं करून मोकळी. आणि तेविसावं स्तोत्र सुरू कुठं होतं ते तुला मी सांगायला नको. पहिलाच शब्द ‘परमेश्वर’.

गेल्या रविवारी अंगणात चौकोन आखून लंगडी होती, एका चौकोनात एक तुकडा. हा उतरला. पाय टेकला आणि ‘पर’ बाहेर आलं, पुढचा पाय, ‘मेश्वर’. आणि मग थांबलाच नाही गं. मृत्युछायेच्या दरीतून, काठीवरून, आकडीवरून, भरलेल्या प्याल्यापर्यंत, सहाच्या सहा वचनं, एका पायावर. भोपळा वाजवायचा राहिला माझा.

आणि गंमत बघ, हे पाहायला दारात उभे कोण? वडील. डोळ्यांत पाणी. तिथल्या तिथे म्हणाले, ‘जिल्ह्याच्या पाठांतर स्पर्धेला ह्याचंच नाव.’ स्पर्धेचे नियम तेच, आपल्या वेळचे. ताठ उभं, हात मागे, हालचाल नाही, आणि आधी संदर्भ सांगायचा. ‘स्तोत्रसंहिता तेवीस.’ ‘परमेश्वर’ परवडला, हे ‘स्तो’ कोण ओलांडणार? त्याच्या आईला वाटतंय चमत्कार झाला. वडिलांना वाटतंय साक्ष होईल. पोरानं मला कोपऱ्यात गाठून विचारलं, ‘मावशी, स्टेजवर लंगडी च-च-चालेल?’

लंगडीनं त्याचं अडखळणं गेलेलं नाही, हे वडिलांना कसं समजावू? ताल धरला की जीभ सुटते, ताल सोडला की पुन्हा दार बंद. गाताना अडखळणारे लोक सहसा अडखळत नाहीत, हे तू मला चौथीतच दाखवलं होतंस, उपासनासंगीताच्या गाण्यात सगळ्यात मोठा आवाज तुझाच. आणि त्याच स्पर्धेत तू ‘प’वर उभी राहिलीस आणि मी दुसऱ्या बाकावरून ‘परमेश्वर!’ असं ओरडले. त्यानंतर तू जे बोलणं टाकलंस! माझं मत अजून तेच आहे, मी ओरडले नसते तर तू तिथेच उभी राहिली असतीस. तू म्हणशील, राहिले असते उभी, पण शब्द माझा असता. हे भांडण आपण मेल्यावर पुढे चालवू.

नाव दिलं नाही तर त्याला वाटेल, मावशीला माझी लाज वाटते. दिलं आणि तो तिथं अडकला, तर मी त्याला पुन्हा लंगडीला सुद्धा उतरवू शकणार नाही. संयोजकांना विचारलं, ठेका चालेल का? ‘सगळ्यांना एकच नियम.’

तेव्हा मला तुझा अंगठा आठवला. दहावीची तोंडी परीक्षा. बुटाच्या आत अंगठा आपटत तू सगळी उत्तरं दिलीस, बाहेरच्या परीक्षकांना पत्ता नाही. हे तू फक्त मला सांगितलंस आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातलीस. भाऊजींनाही माहीत नसेल. मी अजून मोडलेली नाही. पण हा अंगठा त्या पोराला शिकवायचा तर तो कुणाचा हेही सांगावं लागेल. एक मोठी बाई, नोकरी करणारी, मीटिंगा घेणारी, ती अजून असं करते, हे कळलं तर त्याला बळ येईल. नुसती युक्ती म्हणून सांगितली तर त्याला वाटेल, मावशी लपवाछपवी शिकवतेय.

लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं ऐकलं, तिला माझा पापा. भाऊजींच्या गुडघ्याचं काय ठरलं? घराचं रंगकाम झालं का? भडंग कुणीतरी येणार असेल तर पाठवते, यावेळी लसूण जास्त.

नाव शनिवारपर्यंत द्यायचंय. पत्राला उत्तर लिहायला तुला नाताळ उजाडेल, म्हणून नुसता मिस्ड कॉल दे. एक दिलास तर सांगू, दोन दिलेस तर नको. आणि तीन दिलेस तर मी समजेन की तुला स्वतःच यायचंय, पुढच्या रविवारी, सकाळी नऊला, वर्गात. गादी घालून ठेवते.

तुझी,
शकू