पहिला प्रश्न: बहिणी किती?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घर ऑनलाइन विका आणि दलाली वाचवा, असा सल्ला आपल्या पुरवणीत वाचला. लिहिणाऱ्यांचं घर पुण्यात नाहीतर नागपुरात असावं. माझं दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात होतं. मागच्या उन्हाळ्यात ते विकलं. त्याआधी दोन्ही वाटा चालून पाहिल्या, म्हणून हे पत्र.

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. आई गेली आणि घराला कुलूप लागलं. मी यवतमाळला, मुलगा पुण्याला. दर मृगाआधी कवेलू (कौलं) फेरायला माणूस शोधायचा, आणि हल्ली तो मिळत नाही. एका पावसाळ्यात माजघराची भिंत फुगली तेव्हा ठरवलं, विकून टाकू.

मुलगा म्हणाला, "बाबा, दलाल कशाला? मोबाइलवर टाकतो." एका रविवारी बसून फॉर्म भरला. किती बीएचके? समोर सपरी, मग माजघर, मागे सैपाकघर, त्यामागे न्हाणी आणि ढोरांचा कोठा. याचे बीएचके किती, हे आम्हा बापलेकांना अर्धा तास ठरवता येईना. शेवटी दोन लिहिले. लिफ्ट, जिम, क्लब हाउस यांच्यापुढे रिकामे चौकोन होते, पण विहीर आणि सांदवाडीतली दोन सीताफळाची झाडं लिहायला कुठे जागा नव्हती. गावाचं नाव यादीत नव्हतं म्हणून यवतमाळ निवडलं. नकाशावरची खूण घर सोडून नाल्यापलीकडच्या पऱ्हाटीत (कपाशीच्या शेतात) जाऊन बसली, ती काही हलेना.

फोन खूप आले. निम्मे नागपूरच्या एजंटांचे, "काका, आमच्याकडे द्या." म्हणजे एक दलाल टाळायला गेलो आणि दहा दलालांना नंबर देऊन बसलो. उरलेले कर्जवाले. वेबसाइटवाली मुलगी एक दिवसाआड सांगायची, पैसे भरा, तुमची जाहिरात वर आणतो. एकाने आपण मिलिटरीत आहोत असं सांगितलं. घर न पाहता पसंत, इसार लगेच पाठवतो, फक्त क्यूआर कोड स्कॅन करा. आयुष्यभर तिकिटं फाडली आहेत. पैसे घेणाऱ्याला पिन टाकावा लागत नाही, एवढं कळतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार नोंदवली. प्रत्यक्ष पाहायला आला तो एकच माणूस, दिग्रसकडचा. तोही पऱ्हाटीत उभा राहून फोन करत होता, "शेत चांगलं आहे, विहिरीला पाणी किती?"

मग दलालाकडे गेलो. आमच्याकडचा दलाल म्हणजे पाटीवालं ऑफिस नव्हे. बसस्टँडबाहेरचा पानठेला हेच त्याचं बसायचं ठिकाण. कोणाच्या घरात कापूस भाव वाढायची वाट पाहत पडला आहे, कोणाला वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेत गेलेल्या वावराचा मोबदला मिळाला, कोणाच्या पोराला वेगळं निघायचं आहे, हे सगळं त्याला तोंडपाठ. त्याने बीएचके विचारले नाहीत. सुपारी कातरता कातरता म्हणाला, "कंडक्टर साहेब, पयले हे सांगा, बहिणी किती हायेत? आन् सही द्यायले तयार हायेत का?"

बहिणी दोन. मुलाच्या फॉर्ममध्ये मालक म्हणून माझं नाव होतं आणि त्यावर कोणी हरकत घेतली नव्हती. खरं तर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अजून वडिलांचंच नाव. नमुना आठ हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पानठेल्यावर कळलं. गावातल्या घरांची मोजणी करून मालकीचा कागद देणारी स्वामित्व योजना २०२० ची. त्यात आमच्या आबादीतही (गावठाणात) घराघराभोवती चुन्याच्या रेषा मारून ड्रोन उडवला होता. तेव्हा आम्ही पोरांसारखे वर पाहत उभे होतो, पुढे मिळकत पत्रिका आणायला कोण गेलं? दलालाने मला भूमी अभिलेख कार्यालयात नेलं. वारसांची नोंद झाली, मग बहिणींचं हक्कसोडपत्र रजिस्टर झालं. यात चार महिने गेले. धाकटीने सही केली आणि म्हणाली, "दादा, माझी नाळ त्या सीताफळाखाली पुरलेली आहे." मी काही बोललो नाही. काय बोलणार?

आता गिऱ्हाईक. ते आमच्या भिंतीला भिंत लागूनच होतं. शेजाऱ्याला मुलासाठी जागा हवी होती, पण पन्हाळीच्या पाण्यावरून आमच्या वडिलांशी त्याचं जे बिनसलं ते कायमचं. चुन्याची रेषा मारली त्या दिवशीही दोन्ही घरांत शब्दाला शब्द लागला होता. तो मला विचारणार नाही, मी त्याला सांगणार नाही. दलालाने त्याला सांगितलं, कंडक्टर तुमचं नाव काढत होते. मला सांगितलं, शेजारी तुमची चौकशी करत होता. दोन्ही खोटं, हे आम्हाला खरेदीच्या दिवशी कळलं. सव्वासात लाखांत सौदा झाला. बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते म्हणून शेजाऱ्याने सुनेच्या नावाने घेतलं, हीदेखील दलालाचीच सूचना. इसार एक्कावन्न हजार. शेजारी रोख घ्या म्हणत होता, मी चेकवर अडून बसलो. घराच्या सौद्यात वीस हजार किंवा त्यावर रोख घेता येत नाही, हे मुलाने बजावून ठेवलं होतं.

इथवर मी दलालाच्या बाजूचा. दोन टक्क्यांनी साडेचौदा हजार दिले, मनापासून दिले. पण 'कागदाचा खर्च' म्हणून दहा हजार वेगळे घेतले होते. नंतर शेजाऱ्याच्या ओट्यावर चहा पिताना (हो, आता पितो) समजलं, त्याच कागदांचे दहा हजार त्याच्याकडूनही घेतले. पावती मागायला गेलो तर हसून म्हणाला, "कंडक्टर साहेब, हे का तिकीट हाये?"

संपादक महोदय, या वाक्याने मला झोप आली नाही. पाच रुपयांच्या तिकिटाचा हिशेब वेबिलवर लिहून मी रोज रात्री डेपोत रोकड भरली आहे. मुलगा म्हणतो, महारेराकडे जा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे. महाराष्ट्रात ते २०१७ पासून आहे, पण त्यातली एजंटांची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. आबादीतल्या मातीच्या घराचा सौदा जमवणाऱ्याला ती लागू नाही.

पुण्यात मुलाच्या मित्राचा फ्लॅट मोबाइलवरून विकला गेला, तो जाईलच. सोसायटी, शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, सगळं तयार. आमच्या घराला कागदच नव्हते, आणि कागद उभे करणाऱ्याला मोबदला मिळायला हवा, याबद्दल माझी तक्रार नाही. माझी मागणी छोटी आहे. खरेदीखतात आमचे आधार, पॅन, साक्षीदार, चतुःसीमा सगळं लिहितात. त्यातच एक ओळ अशी असावी: सौदा कोणी जमवला आणि विकणाऱ्याकडून किती, घेणाऱ्याकडून किती घेतले. दोघांनी सह्या करण्याआधी ती मोठ्याने वाचून दाखवावी.

आपला,
एक निवृत्त वाहक, जि. यवतमाळ

ता. क. मोबाइलवरची जाहिरात मुलाला अजून काढता आलेली नाही. परवाच एकाचा फोन आला, पार्किंग कव्हर्ड आहे का? कोठा आहे म्हणून सांगितलं.